रोकनेग्रच्या कुरणातला तंबू

मित्रांनो, माझ्याकडे पाहून आता कुणाला खरे वाटणार नाही, पण एके काळी मी एका सरदाराचा तंबू होतो. माझ्या आडोशाला लोक जेवले, भांडले, रडले. माझ्या छपराखाली माणसे वारली आणि एक मूल जन्मले. तंबूला बोलता येत नाही, म्हणून मी सारे ऐकून घेतले. आज सांगतो आहे, कारण ज्या हातांनी मला शिवले, वाळवले, ठिगळे लावली, त्या हातांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

तुलूझच्या दक्षिणेला, द्राक्षमळे संपून डोंगर चढू लागतात तिथे, एका काळ्या खडकावर रोकनेग्र घराण्याची गढी आहे. माझा जन्म त्या गढीच्या अंगणातला. जवसाच्या काड्या तळ्यात कुजवून, झोडपून, त्यांचे सूत काढून गावातल्या बायकांनी माझे कापड विणले. मग पट्टे जोडून मला शिवले आणि पाणी आत येऊ नये म्हणून माझ्या अंगाला मेण चोळले. या सगळ्या कामावर देखरेख होती गढीच्या तरुण मालकिणीची. तिचे नाव गार्सेंदा. ती नुसते सांगून थांबत नसे, स्वतः सुई घेऊन बसे. तिच्या बोटांना पडलेली भोके मी मोजली नाहीत, पण त्यांतून आलेल्या रक्ताचे बारीक डाग माझ्या शिवणीवर बरीच वर्षे होते.

मला शिवण्याचे कारण मोठे होते. तुलूझच्या घराण्यातल्या लोकांनी समुद्रापलीकडे, सीरियाच्या किनाऱ्यावर त्रिपोलीला आपले राज्य मांडले होते. रोकनेग्रमधूनही प्रत्येक पिढीत कुणीतरी अंगरख्यावर कापडी क्रूस शिवून तिकडे धर्मासाठी लढायला जात असे. आता पाळी गार्सेंदाच्या नवऱ्याची होती. इझार्न त्याचे नाव. हसतमुख, उतावळा माणूस. त्याची आई अझालाइस मात्र या बेतावर भयंकर चिडली होती.

“तंबू कसला शिवताय?” ती अंगणात येऊन बायकांना म्हणाली. “माझ्या पोराला घराबाहेर काढायची तयारी चाललीय ही. माझ्या हातून याला एक टाका पडायचा नाही, सांगून ठेवते.”

“आई, देवाच्या कामाला निघालोय मी,” इझार्न म्हणाला.

“वरच्या कुरणाची भिंत पडलीय. ती बांध. ते काय सैतानाचं काम आहे?”

धाकटा भाऊ पॉन्स शेजारी घोड्याचा नाल तपासत होता. तो मान वर न करता म्हणाला, “जाऊ दे गं आई. दादानं तिकडे पुण्य कमवायचं आणि आम्ही इथे भिंती बांधायच्या. असंच ठरलंय आपल्या घरात.”

इझार्नच्या कपाळाला आठी पडली. त्या दिवसापासून आई आणि मुलगा एकमेकांशी धड बोलले नाहीत. निघायच्या वेळी अझालाइस देवघरात जाऊन बसली ती बाहेर आलीच नाही. इझार्न दाराशी घुटमळला आणि तसाच निघाला.

गार्सेंदा त्याच्याबरोबर निघाली होती. “अहो, तुम्ही तिकडे लढणार आणि मी इथे सासूबाईंचे टोमणे खात बसणार? जमायचं नाही,” असे तिने आधीच बजावले होते.

जहाजाच्या तळाशी घडी होऊन पडलो तेव्हा मी घाबरलो होतो. ओल लागून माझ्या अंगावर बुरशी चढली. गार्सेंदाने ते पाहिले आणि मला वर आणून उन्हात पसरले. खलाशांना चेष्टा सुचली.

“बाईसाहेब, शीड फाटलं तर हाच चढवू का?”

“चढवा की! पण किनाऱ्याला लागलात की परत द्या. माझा अख्खा संसार आहे त्यात.”

ते खरेच होते. सीरियात उतरल्यावर मीच तिचे घर झालो. इझार्नचा एक म्हातारा चुलता, गौस्बेर, तिथे गढी बांधून राहिला होता. त्याच्या फौजेबरोबर आम्ही डोंगरातून हिंडू लागलो. सकाळी माझ्या मेखा उपटायच्या, खेचरावर मला लादायचे, दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तणावे ओढून मला उभे करायचे. नवे असताना या कामाचा मला फार अभिमान वाटे. इझार्न आत शिरला की माझ्या खांबावर थाप मारून म्हणे, “शाब्बास गड्या!” कुणी तंबूला शाब्बासकी देते का? तो देत असे.

मग एका दुपारी फौज एका खेड्यावर गेली. दूर तळावर उभा असूनही मला जळक्या लाकडाचा वास आला. इझार्न परत आला तेव्हा त्याने माझ्या खांबावर थाप मारली नाही. गार्सेंदाने पुढे ठेवलेले ताट त्याने बाजूला सारले.

“काका म्हणाले होते, गाव रिकामं आहे,” तो म्हणाला.

“मग?”

“चुलीवर कालवण उकळत होतं गं. रिकाम्या गावात चुली पेटत नाहीत. मला ते दिसलं, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.”

गार्सेंदाने ताट उचलून ठेवले. ती त्याच्या शेजारी नुसती बसून राहिली. मलाही त्या वेळी काय वाटावे ते कळले नाही. माझे कापड त्या धुराने भरले होते, आणि कितीही वाऱ्यावर राहिलो तरी तो वास लवकर गेला नाही.

त्यानंतर तळावर तापाची साथ आली. ती लढाईपेक्षा वाईट निघाली. इझार्न आजारी पडला. गार्सेंदाचे दिवस भरत आले होते. तरीही ती त्याच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने त्याचे कपाळ पुसत राही. शेवटच्या दिवशी तो शुद्धीवर होता.

“बाळाला आपल्या घरी ने,” तो म्हणाला. “आपल्या ओढ्याचं पाणी पाज त्याला. आणि आईला सांग, मी रुसून गेलो नव्हतो. मला तिची लाज वाटत होती, म्हणून दारातून आत आलो नाही. तिचं म्हणणं मला तेव्हाच पटलं होतं.”

“तुम्हीच सांगा तिला. बरे व्हा आणि सांगा.”

तो हसला. सूर्य मावळायच्या आत तो गेला. आणि त्याच दुःखाने असेल, गार्सेंदाला कळा सुरू झाल्या.

तळावर दुसरी बाई नव्हती. सैनिक बाहेर गोंधळून उभे होते. एवढ्यात एक परकी बाई तळात शिरली. फौजेने तिच्या शेळ्या हाकून आणल्या होत्या, त्या मागायला ती आली होती. आतले ओरडणे ऐकून ती थांबली. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. तिने तो हाताने बाजूला केला, बाह्या वर सारल्या आणि ती माझ्या आत आली. तिचे नाव मरियम. ती त्याच जळलेल्या खेड्यातली सुईण होती.

मित्रांनो, मी तिचे उपकार कसे सांगू? दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मरियमने खुणा केल्या, दटावले, पाठ चोळली, आणि बाळ बाहेर आले तेव्हा त्याला उलटे धरून अशी चापट मारली की त्याचा टाहो साऱ्या तळाने ऐकला. मुलगा होता. गार्सेंदाने त्याचे नाव त्याच्या आजोबांचे ठेवले: आमियेल.

मरियमचे घर उरले नव्हते. ती गार्सेंदाजवळ राहिली. पुढे दोघींना एकमेकींचे शब्द समजू लागले, तेव्हा एकदा गार्सेंदाने भीत भीत विचारले, “त्या दिवशी तू आत का आलीस? आम्ही तुझं गाव जाळलं होतं.”

मरियम बाळाला शेळीचे दूध पाजत होती. “तुम्ही जाळलं होतंत,” ती म्हणाली. “यानं नाही. हा तर तेव्हा आलाही नव्हता.” बाळाचे तोंड पुसून ती म्हणाली, “पण मी विसरले असं समजू नका, बाईसाहेब.”

“नाही समजत,” गार्सेंदा म्हणाली.

एका वादळात माझा खांब मोडला आणि मी छपराशी हातभर फाटलो. मरियमने शेळीच्या केसांचे काळे, जाड कापड आणून मला ठिगळ लावले. पांढऱ्या अंगावर काळे ठिगळ! मला सुरुवातीला लाज वाटली. पण पाऊस आला तेव्हा बाकीचे छप्पर थेंब थेंब गळले आणि तेवढा काळा तुकडा कोरडा राहिला. तेव्हापासून आमियेलचे अंथरूण त्याच्याखाली असे.

आमियेल चालू-बोलू लागला तेव्हा गौस्बेर काका एक स्थळ घेऊन आला.

“चांगला सरदार आहे. ऑलिव्हच्या बागा आहेत, वाडा आहे. तू तरुण आहेस, पोरी. इथे विधवेला कुणी विधवा राहू देत नाही.”

“आणि माझा मुलगा?”

“त्यालाही होईल काहीतरी इथेच. तिकडे काय ठेवलंय? थंडी आणि तुझी सासू.”

गार्सेंदाला हसू आले. “थंडी आणि सासू, दोन्ही त्याच्या हक्काच्या आहेत काका. मी त्याच्या बापाला शब्द दिलाय.”

अशी ती मला, आमियेलला आणि मरियमला घेऊन निघाली. वाटेत तिने अंगावरचे दागिने एकेक करून विकले. खेचर विकावे लागले तेव्हा मला टाकून देणे सोपे होते. मी जड होतो. पण दोन्ही बायकांनी मला आलटून पालटून पाठीवर घेतले. मित्रांनो, एरवी लोकांचे ओझे तंबू वाहतो म्हणतात. माझे ओझे दोन दमलेल्या बायकांनी वाहिले.

हिवाळ्याच्या तोंडाला आम्ही रोकनेग्रच्या काळ्या खडकाखाली पोचलो. गार्सेंदाने दार ठोठावले. वरच्या भिंतीवर पॉन्स आला. तो जाड झाला होता, केस पिकू लागले होते.

“भाऊजी, मी गार्सेंदा. दार उघडा.”

पॉन्सने भिंतीवरून वाकून पाहिले. “वहिनी, तुम्हाला ओळखलं मी. तुम्ही या, तुमची खोली आहे. पण हे मूल कुणाचं?”

“तुमच्या दादाचं. कुणाचं असणार?”

“आम्हाला निरोप आला होता, दादा गेला आणि मागे कुणी नाही. आता इतक्या वर्षांनी तुम्ही एक पोर हाताला धरून येता आणि म्हणता, हा गढीचा मालक. साक्षीला कोण? तर ही परकी बाई, तुमच्याच हातचं खाणारी.”

“भाऊजी!”

“शेजारच्या सरदारांनी तीनदा या भिंतीला शिड्या लावल्या. मी होतो इथे. दादा नव्हता. मी भिंती बांधल्या, मी माणसं पुरली. कुठल्या तरी पोराच्या हाती मी हे देणार नाही. तुम्ही एकट्या या.”

गार्सेंदाने आमियेलचा हात घट्ट धरला. “मग मी बाहेरच बरी,” ती म्हणाली.

गढीखालच्या कुरणात तिने मला उभे केले. माझे मेण केव्हाच गेले होते, शिवणी उसवल्या होत्या, आणि डोंगरावरून वारा असा येत होता की कनाती फडफडून फाटायला आल्या. मी सगळ्या तणाव्यांनिशी जमीन धरून ठेवली. गावातल्या बायका हळूच येऊ लागल्या. कुणी रानातली भाजलेली चेस्टनटची फळे आणली, कुणी घेवड्याचे सूप. त्यांतल्या एकीने माझ्या कापडावर हात फिरवला आणि ती म्हणाली, “हे मी विणलंय. काय दशा झाली रे तुझी!” मला तेव्हा फार बरे वाटले.

अझालाइस त्या दिवसांत वरच्या खोलीत पडून असे. मुलगा गेल्यापासून ती कुणाशी बोलत नसे. पॉन्सने तिला काही सांगितले नव्हते. पण गावातल्या बायका काही गप्प बसल्या नाहीत. पहिला बर्फ पडला त्या सकाळी गढीचे दार उघडले आणि गाढवावर बसून म्हातारी खाली आली. मागे एक दासी अंथरूण, पातेले आणि कोंबडी घेऊन येत होती.

ती आत शिरली. तिने गार्सेंदाकडे पाहिले, मग आमियेलकडे. तो मरियमच्या मागे लपला.

“हा जुनाट तंबू अजून टिकलाय होय?” ती म्हणाली. मग खाली बसली. “बस. सांग. माझा इझार्न कसा गेला?”

गार्सेंदाने सारे सांगितले. खेडे लपवले नाही, कालवणाचे भांडेही लपवले नाही. शेवटी तिने त्याचा निरोप सांगितला. “म्हणाले, मी रुसून गेलो नव्हतो. आईचं म्हणणं मला पटलं होतं.”

म्हातारीने शालीचे टोक तोंडाला लावले. बाहेर बर्फ पडत होता. आमियेल पुढे आला आणि त्याने आपल्या हातातले अर्धे चेस्टनट तिच्यापुढे धरले.

“घे,” तो म्हणाला. “गरम आहे.”

“उष्टं देतोस आजीला?” असे म्हणून तिने ते तोंडात टाकले.

पॉन्स धावतच आला. बर्फात त्याच्या डोक्यावर टोपीही नव्हती.

“आई, वेड लागलंय का? मरशील इथे! चल वर.”

“माझं अंथरूण इथे पडलंय. काळ्या ठिगळाखाली. तिथे गळत नाही.”

“तुला काय पुरावा दिला हिनं?”

“पुरावा?” म्हातारी म्हणाली. “तिकडे तिला बागा मिळत होत्या, वाडा मिळत होता, नवरा मिळत होता. ते सोडून ती तुझ्या या गळक्या गढीसाठी आली, दागिने विकून, तंबू पाठीवर घेऊन. खोटं बोलायला माणूस इतक्या लांब चालत येत नाही, पॉन्स. खोटं जवळच्या जवळ बोलता येतं.”

पॉन्स उभाच राहिला. त्याने घट्टे पडलेले हात पुढे केले. “आणि मी, आई? मी काय इतकी वर्षं दगड उचलले ते...”

आता म्हातारी उठली. तिने त्याच्या केसांतला बर्फ झटकला. “तू नसतास तर या पोराला यायला दार उरलं नसतं. हे मी तुला आधी कधी बोलले नाही. चुकलं माझं. धाकट्याला गृहीत धरलं.”

गार्सेंदा पुढे आली. “भाऊजी, याला बाप नाही. घोड्यावर बसायला कोण शिकवणार? भिंत कशी बांधायची, हे कोण सांगणार? तो मोठा होईपर्यंत गढी तुम्हीच चालवा. मी दार मागतेय, किल्ल्या नाही.”

पॉन्सने वाकून आमियेलकडे पाहिले. “काय रे,” तो म्हणाला, “थंडी वाजते का?”

“हो,” आमियेल म्हणाला. “तुम्हाला पण वाजतेय. तुमचं नाक लाल झालंय.”

पॉन्सला हसू आवरले नाही. त्याने पोराला उचलून आपल्या झग्यात घेतले आणि तो चढ चढू लागला. त्याच्यामागे सगळे वर गेले. म्हातारी मात्र जाण्याआधी सुई मागून घेऊन बसली. माझी एक उसवलेली कनात तिने शिवली. टाके वेडेवाकडे होते, कारण तिला नीट दिसत नव्हते. माझ्या अंगावर पडलेले ते सर्वांत मौल्यवान टाके आहेत.

पुढची वर्षे सुखाची गेली. जत्रेत, कापणीच्या दिवसांत, आमियेलच्या लग्नात मला उभे करत. पॉन्सने पोराला घोडा शिकवला, भिंत शिकवली, आणि वेळ आली तेव्हा कुणी न मागता किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. मरियमने गढीमागे अंजिराचे झाड लावले. त्या थंडीत ते जगणार नाही असे सगळे म्हणत होते. ते जगले. फळे मात्र आंबट निघाली, आणि मरियम ती हट्टाने गोड म्हणून खात असे.

मग गावात तापाची साथ आली. आजाऱ्यांना भिंतीबाहेर ठेवायचे ठरले, आणि मला पुन्हा कुरणात उभे केले. आत जायला कुणी धजावेना. म्हातारा पॉन्स पाण्याची घागर घेऊन आला. आमियेलने त्याला अडवले, “काका, तुम्ही नको.” तो म्हणाला, “मला एकदा बाहेरच्यांना आत घ्यायला उशीर झाला होता. आज होऊ देणार नाही.” मरियम आणि तो, दोघांनी मिळून आजाऱ्यांची सेवा केली. बरेच लोक वाचले. पॉन्स वाचला नाही. तो माझ्याच छपराखाली गेला. त्याचा हात आमियेलच्या हातात होता.

त्या साथीनंतर मला उकळत्या पाण्यात घातले आणि मी तंबू म्हणून संपलो. माझे तुकडे झाले. काहींची चीज गाळायची फडकी झाली, काहींची दुपटी झाली. मी, हा बोलणारा तुकडा, गावच्या पावाच्या भट्टीत आलो. भट्टी चालवणारी साउरीना मला कणकेवर पसरते. परवा तिचा नवरा म्हणाला, “किती विरलंय हे! जाळून टाक.” ती म्हणाली, “विरलंय, पण ऊब धरतं. नव्या फडक्याला कणीक चिकटते.” तिने मला ओढ्यावर धुतले, दगडावर पसरले, आणि ऊन मावळायच्या आत आठवणीने घडी करून घरी आणले.

मित्रांनो, मी फार नशीबवान ठरलो. मला टाकून देण्याची वेळ पुष्कळदा आली, आणि दर वेळी कुणीतरी सुई शोधली. म्हणून एवढेच मागतो: तुमच्या घरातली जुनी वस्तू फाटली तर आधी तिला हातात घेऊन बघा. ओली असेल तर वाळवा, उसवली असेल तर शिवा, टाके वेडेवाकडे पडले तरी चालतील. आणि घरातल्या माणसाला त्याच्या कष्टांचे चार शब्द तो समोर असतानाच सांगा. तंबूला ते कळतात, तर माणसाला का कळणार नाहीत?

आता मला थांबायला हवे. साउरीनाने कणीक मळून ठेवली आहे, आणि ती माझ्याखाली हळूहळू फुगू लागली आहे. दारातून गार वारा येतो आहे. तिला तो लागू नये म्हणून मी नीट पसरून पडलो आहे.